लाल पट्टीची खाच

त्या दिवशी सकाळपासून वारा होता. पाऊस नाही, ऊनही धड नाही. ढग यायचे, सूर्यावरून हात फिरवून जायचे, आणि खाली वारा मात्र एकसारखा. ट्रॅकच्या कडेचे झेंडे कधी इकडे फडफडत, कधी तिकडे. कागदाचे पेले, वाळकं गवत, कुणाची तरी टोपी, काय काय डांबरावरून पळत होतं. अशा वाऱ्यात माणूस आपली टोपी धरतो. मला धरायला ताई होती. दोन्ही हातांनी मला छातीशी घेऊन ती कठड्याकडे चालली होती, आणि वारा माझ्या अंगावर आदळून आम्हा दोघांनाही मागे रेटत होता.

मी बोर्ड आहे. मोटारसायकलच्या शर्यतीत कठड्यावरून दाखवतात ना, तो. गाडी पळवणाऱ्याला त्या आवाजात, त्या वेगात कुणी काही सांगू शकत नाही. आमच्यात चालकाच्या कानात फोन नसतो, आणि हाक तर वाऱ्यावरच जाते. म्हणून दर फेरीला त्याच्या माणसाने बोर्ड बाहेर धरायचा आणि त्याने जाता जाता एक नजर टाकायची. कितवा आहेस, किती फेऱ्या उरल्या, मागचा किती जवळ आला. पापणी लवायच्या आत वाचून झालं पाहिजे.

आता एक गंमत सांगतो. मला स्वतःला वाचता येत नाही. शाळेतल्या फळ्यासारखाच काळा मी, पण शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. आणि वाचता आलं असतं तरी काय उपयोग? माझ्या तोंडावर काय लावलंय ते मला कधी दिसलंच नाही. आपल्या कपाळावरचं कुणाला वाचता येतं? मी समोरून येणाऱ्याच्या मानेवरून ओळखायचो. बातमी चांगली असली की मान ताठ. वाईट असली की हेल्मेट टाकीवर आणखी खाली जायचं. आणि कुठली पट्टी लावली ते मला अंगावर कळायचं. प्रत्येक पट्टीचं वजन वेगळं, खाचेत शिरतानाची घसट वेगळी. आंधळ्याला पावलं ओळखू येतात, तसंच ते.

माझा जन्म एका पाट्या रंगवण्याच्या दुकानातला. दुकानांच्या, डॉक्टरांच्या, वकिलांच्या पाट्या तिथे व्हायच्या. एका मोठ्या पाटीतून अॅल्युमिनियमचा तुकडा उरला, तो मी. ताई त्या दुकानात कामाला होती. मालकाला विचारून तिने तो तुकडा घेतला, कडा घासल्या, काळा रंग दिला, पट्ट्या सरकवायला खाचा केल्या, आणि मागे दोन मुठी बसवल्या. मालक म्हणाला, "एवढं कुणासाठी चाललंय?"

"भावासाठी. तो शर्यतीत जातो."

"जिंकतो का?"

"अजून नाही."

"मग बोर्ड कशाला? मागे आहेस हे त्याला समोर बघून कळतंच की."

ताई हसली आणि घासत राहिली. कामात असली की ती बोलायची नाही. ओठात ब्रश, नजर हातावर.

त्या दोघांना एकमेकांशिवाय कुणी नव्हतं. आईवडील लवकर गेले. ताई मोठी, म्हणून तीच आई झाली. तिने त्याला शिकवलं, वाढवलं, आणि त्याने पुस्तकं टाकून गाडी उचलली तेव्हा दोन दिवस अबोला धरून तिसऱ्या दिवशी त्याला हातमोजे आणून दिले. गावोगावच्या लहान शर्यतींना ती मला काखेत मारून यायची. तिथे कठडा नसायचा, दोरी असायची. दोरीपाशी उभी राहून ती मला उंच धरायची. तो समोरून जाताना डाव्या हाताची दोन बोटं मुठीवरून उचलायचा. त्याचा अर्थ, वाचलं. कुणी शिकवलं नव्हतं ते. अंगवळणी पडलेलं होतं. बोर्ड दिसला की बोटं वर.

मग एके दिवशी एका मोठ्या टीमने त्याला घेतलं. पगारी चालक. ताईलाही त्यांनी बोर्ड धरायला ठेवलं, कारण तो म्हणाला, "तिच्या हातातला बोर्ड मला लांबून दिसतो. दुसऱ्याच्या हातातला शोधावा लागतो." हे वाक्य मी कितीतरी वर्षं मनात जपून ठेवलं. बोर्डाला एवढं कुणी म्हणत नाही.

टीममध्ये दोन चालक असतात, दोन गाड्या. रंग एक, कपडे एक, जेवणाचं टेबल एक. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, सख्खे भाऊ. आमच्या इथे पहिल्या चालकाला सगळे थोरले म्हणत. वयाने फार नव्हता, पण मान थोरला. दोनदा जगज्जेता झालेला. आमचा तो मग आपोआप धाकटा झाला. पहिल्या आठवड्यातच नाव पडलं, आणि एकदा पडलेलं नाव तुम्हाला माहीत आहे, डांबरासारखं असतं, निघत नाही.

गॅरेज एकच, पण मध्ये एक रेघ होती. रंगवलेली नाही, तरी सगळ्यांना माहीत. उजवीकडे थोरल्यांची माणसं, डावीकडे आमची. नवा पार्ट आला की पेटी उजवीकडे उघडायची. थोरल्यांच्या गाडीवरून उतरलेला जुना पार्ट डावीकडे यायचा. आमचा एक मिस्त्री होता, तोंडाने फटकळ. तो म्हणायचा, "वापरलेला म्हणू नका रे. अनुभवी म्हणा." दुसरा म्हणायचा, "आपल्या गाडीचा अनुभव बघता तिला पेन्शन मिळायला हवी." हसायचे आणि स्पॅनर उचलायचे. कुणी तुपाशी आणि कुणी उपाशी, हे जगात सगळीकडेच आहे. पण एकाच छपराखाली असलं की त्याचा वास येतो.

धाकट्याने सराव करून गाडीचे जे आकडे काढले, ते संध्याकाळी थोरल्यांच्या टेबलावर जायचे. थोरल्यांचे आकडे इकडे यायचे नाहीत. मॅनेजर म्हणायचा, "टीम एक आहे रे बाबा. तुझं माझं काय करतोस?" तो वाईट माणूस नव्हता. त्याची बोलायची पद्धत मऊ होती. पण मऊ हातानेही माणसाला बाजूला सारता येतं.

आम्हा बोर्डांतही तेच. थोरल्यांचा बोर्ड नवा, हलका, एका बोटावर उचलावा असा. तो नानांच्या हातात असायचा. नाना म्हणजे थोरल्यांचे बोर्डवाले, पांढऱ्या मिशांचे, कमी बोलणारे. मी जड, कडा घासलेला, टीमचं स्टिकर माझ्या जुन्या रंगावर नीट चिकटायचंही नाही. भिंतीवर दोन खिळे, एकावर तो, एकावर मी. तो माझ्याशी बोलला नाही कधी. मीही नाही.

पण खरा फरक सांगतो. मी टीममध्ये आलो त्या दिवशी मॅनेजरने एक लांब लाल पट्टी आणली आणि मिस्त्रीला माझ्या पोटात तिच्यासाठी आडवी खाच कापायला सांगितली. कानस फिरत होती आणि ताई विचारत होती, "ही कसली?"

"वाट सोड म्हणून. दोघं पुढेमागे असले आणि टीमला गरज असली, तर दाखवायची. क्वचितच लागते."

ताईने नानांच्या बोर्डाकडे पाहिलं. "त्याला नाही का कापायची?"

मॅनेजरने खाचेतला कीस फुंकून टाकला. मग म्हणाला, "त्याला कशाला लागेल?"

नानांनी मान खाली घालून पट्ट्या पुसायला घेतल्या.

ती लाल पट्टी त्या हंगामात तीनदा माझ्या पोटात शिरली. बाकीच्यांपेक्षा जड होती, आणि तिची एक कड बोचरी. तिन्ही वेळा धाकट्याने वाचलं, दोन बोटं उचलली आणि पुढच्या वळणाला बाहेरून गेला. थोरले आतून निघून गेले. संध्याकाळी दोघं हात मिळवत आणि फोटो निघत. मग ताई पट्ट्या काढून पेटीत ठेवायची. लाल पट्टी सगळ्यात खाली ठेवायची, वर बाकीच्या रचायची. जड आहे म्हणून असेल.

थोरल्यांबद्दलही सांगायला हवं, नाहीतर एकतर्फी होईल. एकदा सरावानंतर ते कठड्यापाशी आले. ताई मला पुसत होती. म्हणाले, "तुमच्या बोर्डावर सगळ्यात वर काय लावता?"

"तुमच्यात आणि त्याच्यात किती अंतर आहे ते. तोच सांगतो तसं लावायला."

ते हसले. "मीही नानांना तेच सांगतो. म्हणजे बघा, वीस जण पळतात आणि शर्यत आम्हा दोघांचीच." मग म्हणाले, "हा आला तेव्हापासून मला झोप नाही नीट. त्याला सांगू नका." ताईने सांगितलं नाही. मी तर सांगूच शकत नव्हतो. जेवायच्या टेबलावर एकमेकांना मीठ देणारी ही दोन माणसं, आणि दोघंही आपापल्या जागी एकटी. मला पुष्कळदा वाटे, त्या गॅरेजात बोलणारे सगळे होते, फक्त एकमेकांशी कुणी बोलत नव्हतं.

आता त्या वाऱ्याच्या दिवसाकडे येतो.

हंगामाची शेवटची शर्यत. थोरले जिंकले तर तिसऱ्यांदा जगज्जेते. धाकटा तोवर एकही शर्यत जिंकला नव्हता, आणि त्याचा करार संपत होता. पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही, ते मॅनेजर त्या रात्री ठरवणार होता.

त्या ट्रॅकवर एक वेगळी पद्धत होती. गॅरेजसमोरचा रस्ता फार वेगाचा, तिथे बोर्ड वाचताच येत नसे. म्हणून बोर्डवाले लांब पलीकडे, एका संथ वळणापाशी उभे राहत. मॅनेजरचा हुकूम तिथे फोनवरून यायचा. आमच्या टीमचे दोघंच तिथे, ताई आणि तिच्या शेजारी नाना. बाकी परक्या टीमांची माणसं, आपापल्या गाडीकडे डोळे लावून बसलेली.

धाकटा त्या दिवशी पळाला तसा मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. अर्ध्या शर्यतीत तो पहिला. पुढे कुणी नाही. मागे थोरले, अगदी चाकाला चाक. ताई दर फेरीला मला बाहेर काढायची, वारा मला फिरवायला बघायचा, आणि ती कोपर कठड्यावर रोवून मला सरळ धरायची. तिचा श्वास माझ्या पाठीवर लागत होता.

मग तिच्या कानातल्या फोनमधून आवाज आला. शेजारी नानांनाही तो ऐकू आला असेल.

"ताई, लाल लावा."

तिने कोपर आणखी घट्ट रोवलं.

"ताई, ऐकू येतंय ना? लाल."

"येतंय."

तिने पेटीतल्या वरच्या पट्ट्या बाजूला केल्या. लाल पट्टी काढली. पट्टी माझ्या पोटात शिरली, बोचरी कड घासली. तिने लावली, हे मी ठामपणे सांगतो, कारण पुढे तिनेच वेगळं सांगितलं. तिला वाटलं नसेल का, की राहू दे आज? पण बोर्ड धरणाऱ्याचं मन बोर्डात नसावं, असं ती मानायची.

धाकटा वळणातून आला. बोर्ड दिसला, आणि डाव्या हाताची दोन बोटं वर झाली. मग मान खाली गेली. गाडी पुढे निघून गेली, आणि पुढच्या वळणाला ती बाहेरून गेली नाही. आतूनच गेली.

पुढच्या फेरीला पुन्हा लाल. पुन्हा बोटं वर. बिचाऱ्याच्या मनाने काय ठरवलं होतं ते हाताला माहीतच नव्हतं. त्यानंतरची फेरी शेवटची. तेव्हा त्याने बोटं उचलली नाहीत, मला बघून न बघितल्यासारखं केलं. सरळ समोर बघत गेला, आणि जिंकला.

परतीच्या वाटेवर कठड्यामागे एक अरुंद बोळ होता. तिथे ताई थांबली. मला भिंतीला टेकवलं आणि लाल पट्टी ओढून काढली. ती जॅकेटच्या आत घातली, चेन वरपर्यंत लावली. नाना चार पावलं मागे होते. त्यांनी पाहिलं. ते म्हणाले, "ताई, उगाच अंगावर घेऊ नका." ती म्हणाली, "नाना, वारा फार आहे, चला."

गॅरेजात थोरले कोपऱ्यात हेल्मेट मांडीवर घेऊन बसले होते, कुणी जवळ जात नव्हतं. धाकट्याच्या अंगावर अजून शॅम्पेनचा वास होता. मॅनेजरने शटर खाली ओढलं आणि मऊ आवाजात विचारलं, "लाल पट्टी दिसली नाही का तुला?"

धाकटा बुटांकडे बघत म्हणाला, "नाही दिसली."

"तीन फेऱ्या?"

"नाही दिसली."

मग सगळे ताईकडे वळले. मला वाटतं, तो क्षण धाकट्याचा होता. तोंड उघडून एक वाक्य बोलला असता, तर पुढचं काहीच झालं नसतं. किंवा त्याची नोकरी गेली असती, तेवढंच. तो बोलला नाही.

ताई म्हणाली, "लावायची राहिली माझ्याकडून."

"राहिली म्हणजे? मी दोनदा सांगितलं. तुम्ही येतंय म्हणालात."

"ऐकू आलं. पण राहिली."

नाना एकदम म्हणाले, "वारा होता साहेब. बोर्ड हातात ठरत नव्हता. पट्टी लावायची म्हणजे हात सोडावा लागतो." त्या माणसाचं मी तेवढं एकच मोठं वाक्य ऐकलं. आणि तेही खोटं.

मॅनेजरने दोन्ही हातांनी चेहरा पुसला. थोरले उठले, ताईसमोरून जाताना क्षणभर थांबले, आणि बाहेर गेले. ताईला दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं गेलं. धाकट्याचा करार ठरला. जिंकलेल्याला कोण सोडतो?

बाहेर, टायरच्या थप्पीमागे, धाकटा ताईपाशी आला. "ताई, थोडे दिवस जाऊ दे. सही होऊ दे. मग मी स्वतः सांगतो त्यांना, मला दिसली होती म्हणून. तुला परत बोलावतील."

"जेवून घे आधी," ती म्हणाली. "तोंड बघ कसं झालंय."

मला ती तिथेच ठेवून गेली. मी टीमच्या सामानात होतो ना.

सही झाली. मग तो नानांना म्हणाला, हंगाम सुरू होऊ दे, मग सांगतो. हंगाम सुरू झाला. मग म्हणाला, गाडी जरा बसू दे. नाना मान हलवायचे. नंतर तो म्हणायचाही थांबला, आणि नानांनी विचारायचंही थांबवलं.

थोरले दुसऱ्या टीममध्ये गेले होते. आमचा धाकटा उजवीकडे सरकला, आणि मी नानांच्या हातात आलो. पेट्या आता त्याच्या बाजूला उघडायला लागल्या. तोच फटकळ मिस्त्री नवा सायलेन्सर हातात धरून म्हणाला, "याला अजून अनुभव नाही, चालेल ना साहेब?" धाकटा हसला. पण त्याला साहेब म्हटलेलं आवडलं, हे मी पाहिलं.

डावीकडे एक नवा चालक आला. हुशार, अबोल. त्याच्या बोर्डाला खाच कापताना मी खिळ्यावरून ऐकत होतो. लाल पट्टी मात्र नवी करावी लागली, जुनी कुणाला सापडली नव्हती. आणि एका शर्यतीच्या आदल्या दिवशी, सराव संपल्यावर, नाना मला हातात धरून कठड्यावर उभे असताना, त्यांच्या फोनमधून मॅनेजरजवळ उभ्या असलेल्या आमच्याच धाकट्याची तक्रार ऐकू आली. मॅनेजरला म्हणत होता, "तो मागून फार दाबतोय. उद्या वेळ आली तर त्याला लाल दाखवा. टीम एक आहे ना?"

नानांनी मला कठड्यावर उलटं ठेवलं आणि चष्मा पुसत बसले.

मला तो बघेनासा झाला होता. बोटं उठायची थांबली. दोन-तीन शर्यतींनंतर म्हणाला, "हा बोर्ड दिसत नाही मला. जुना झाला. बदला." मी दिसत होतो. माझा रंग तोच होता. पण असो. नवा बोर्ड आला, आणि मी टायरच्या मांडणीमागे गेलो. तिथे अंधार आणि रबराचा वास. माणसांचे फक्त पाय दिसायचे. किती काळ गेला, मला सांगता येणार नाही. आमच्यासारख्यांना काळ मोजता येत नाही, फक्त धूळ जाड होते. त्या काळात मला सगळ्यात जास्त काय आठवलं असेल, तर ताईचा श्वास पाठीवर लागायचा ते.

नानांनी काम सोडलं तेव्हा जाताना त्यांनी मला बाहेर काढलं. कुणाला विचारलं नाही. बसमध्ये मला शेजारच्या सीटवर ठेवलं, कंडक्टरशी त्यावरून वाद घातला, आणि ताईच्या दारात आणून उभं केलं.

"घ्या," म्हणाले. "तुमचं लेकरू उपाशी मरत होतं."

ताईने मला ओल्या फडक्याने पुसलं. बराच वेळ पुसत होती. लाल खाचेत बोट घालून तिथली माती काढली. नानांनी विचारलं, "फोन करतो का?"

"करतो की. सणासुदीला, वाढदिवसाला. पैसेही पाठवतो, मी परत करते."

"आणि ते?"

"नाना, चहात साखर किती?"

तेव्हापासून मी तिच्या बाल्कनीत आहे. तिसरा मजला, छोटं घर. कठड्याच्या गजांतून कबुतरं आत येतात म्हणून तिने मला गजांना टेकवून उभं केलंय, तोंड घराकडे. माझ्यापुढे कोरफडीची कुंडी आणि एक मोडका पंखा. ताई पुन्हा त्याच पाट्यांच्या दुकानात जाते. सकाळी दाराला कुलूप लावते, तेव्हापासून संध्याकाळपर्यंत मी आणि कोरफड. कोरफडही फार बोलकी नाही. शेजारच्या घरात काकू राहतात. दोन बाल्कन्यांमध्ये कमरेएवढी भिंत. काकूंचा टीव्ही मोठ्याने चालतो. ताईने टीव्ही घेतलेला नाही, पण शर्यत असली की ती काकूंकडे जाते, आणि मला भिंतीपलीकडून काकूंचं ऐकू येतं, "बसा हो, उभ्या कशाला? खुर्चीला काटे आहेत का?"

तुम्हाला एक मागणं आहे, आणि मग मी थांबतो. तुमच्या घरात कुणी कुणासाठी काही अंगावर घेतलेलं असेल, तर ते फेडायला फार काही लागत नाही. एक वाक्य लागतं. ते ज्याचं त्याला द्या. उशीर झाला तरी द्या. वस्तूंना द्यायला जाऊ नका, आम्ही ऐकतो, पण पोचवू शकत नाही.

हे मी आत्ता का सांगतोय, तर आज दुपारी तो आला.

काकूंकडे घराची दुसरी किल्ली असते. दारातलं बोलणं मला ऐकू आलं.

"तुम्ही भाऊ ना? टीव्हीवर हेल्मेटमध्ये असता, म्हणून ओळखलं नाही. काढलं की बरे दिसता."

तो कसंनुसं हसला असावा. "ताई?"

"दुकानात. बसा आत, पाणी ठेवलंय. मी कपडे काढते वाळलेले."

तो घरभर हिंडला. घर एवढंसं, हिंडायला काय आहे? मग बाल्कनीत आला आणि मला पाहून थबकला. लंगडत होता थोडा. केस विरळ झालेत. त्याने पंखा बाजूला केला, कुंडी सरकवली आणि माझ्यासमोर खाली बसला. इतक्या जवळून त्याने मला कधी पाहिलं नव्हतं, कायम वेगातच पाहिलं. त्याने खाचेवर अंगठा फिरवला.

"परवा मला लाल दाखवली," तो म्हणाला. मला म्हणाला की स्वतःला, देव जाणे. "तो नवा पोऱ्या आता उजवीकडे बसतो. मी बाहेरून गेलो, त्याला आतून जाऊ दिलं. हातपण उचलला, वाचलं म्हणून."

कबुतर येऊन गेलं.

"त्या दिवशीही दिसली होती," तो म्हणाला. "पहिल्याच फेरीला. तीनही वेळा दिसली होती."

मी ऐकलं. एवढंच माझ्या हातात होतं, आणि मला तर हातही नाहीत. त्याने नाक पुसलं, उठला, कुंडी जागच्या जागी ठेवली आणि आत जाऊन बूट घालायला लागला. मग भिंतीवरून पलीकडे वाकून म्हणाला, "काकू, मी निघतो. ताईला सांगा, येऊन गेलो. बाकी काही नाही, सहजच आलो होतो."

काकू भिंतीच्या अगदी पलीकडेच होत्या, हातात वाळलेली चादर. त्यांनी चादरीची घडी पूर्ण केली, वर दुसरी ठेवली, आणि मगच त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "सहज आलेला माणूस बाल्कनीत बसून रडत नाही. मी ऐकलंय सगळं, भिंत केवढीशी आहे. पण ते माझ्याकडून त्यांना कळायचं नाही, सांगून ठेवते. त्या येतीलच आता एवढ्यात. बूट काढा आणि बसा. चहा मी करते, बोलायचं तेवढं तुमचं तुम्ही बोला."